वरचे खाली आले

“अजून सोड… अजून… हां, आता हळू. हळू म्हटलं ना, वरचे! थांब! थांब! थांब!”

वायरलेसमधला खालच्या सिग्नलवाल्या मामांचा आवाज फाटला तसा वरच्यांनी क्रेनचा दांडा मागे खेचला. सळ्यांचा भारा खाली कुठेतरी गचका खाऊन थांबला आणि त्याचा हिसका तारेतून, लोखंडातून चढत थेट केबिनपर्यंत आला. खुर्ची हलली. वरच्यांनी डोळे उघडले.

हो, उघडले. म्हणजे आधी ते मिटलेले होते. ही गोष्ट साऱ्या साइटवर एकट्या वरच्यांना ठाऊक होती, आणि ती दुसऱ्या कोणाला कळली असती तर त्यांना तिथल्या तिथे कामावरून उतरवलं असतं.

इमारतीच्या मागच्या अंगाला माल उतरवायचा असला की क्रेनच्या केबिनमधून काहीच दिसत नाही, मध्ये भिंत येते. तेव्हा खाली उभा असलेला सिग्नलवाला हेच क्रेनवाल्याचे डोळे. तो ‘सोड’ म्हणाला की सोडायचं, ‘थांब’ म्हणाला की थांबायचं, स्वतःची अक्कल पाजळायची नाही. मग काही महिन्यांपूर्वी वरच्यांनी मनाची समजूत घातली होती, की नाहीतरी दिसत नाहीच, तर डोळे मिटले म्हणून काय बिघडलं? तेवढीच घटकाभर खाली बघण्यातून सुटका. आज मिटल्या डोळ्यांत केबिन डुलल्यासारखी वाटली, घामेजलेला हात घसरला आणि दांडा पाहिजे त्यापेक्षा पुढे गेला.

वायरलेस नुसता खरखरत होता.

“मामा?” वरचे म्हणाले. “मामा, बोला ना.”

“वर घे थोडा,” मामांचा आवाज आला. अगदी साधा, पण धाप लागलेला. “मी बाजूला सरकतो, मग सोड.”

म्हणजे मामा भाऱ्याखाली होते. वरच्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला.

वरचे म्हणजे या साइटवरचे क्रेनवाले. इमारत चढत जाते तशी तिच्याही वर चढत जाणारी ती उंच क्रेन, आणि तिच्या मानेशी काचेची एवढीशी केबिन. तिच्यात बसतो म्हणून कोणीतरी त्यांना ‘वरचे’ म्हणायला लागलं, आणि मग बारशातलं नाव त्यांचं त्यांनाही आठवेना. थट्टेला तर ऊत. काम वेळेत झालं की वरच्यांची कृपा, रखडलं की वरच्यांची मर्जी. साइटवर नवा कामगार आला की त्याला सांगायचे, “इथं काही मागायचं असलं तर मान वर करून माग.” वरच्यांना ते आवडायचं. माणसाला आपल्या कामाचा माज नसावा म्हणतात, पण थोडासा असतोच, आणि यांना तो शोभायचाही.

अपघात वगैरे काही झाला नव्हता. तसं काही झालं असतं तर एक बरं झालं असतं, निदान सांगता तरी आलं असतं. एका रोजच्यासारख्या दुपारी त्यांनी विटांचा पाळणा उतरवला. ओझं सुटलं की क्रेन किंचित मागे डुलते, तशी ती डुलली आणि जागेवर आली. वरच्यांचं पोट मात्र जागेवर आलं नाही. त्यांनी खाली पाहिलं, आणि इतकी वर्षं ज्या जमिनीकडे ते अंगणाकडे बघावं तसे बघत होते, ती एकदम फार लांब आणि फार कठीण दिसली. असं होतं कधी कधी, उद्या जाईल, असं म्हणून त्यांनी ती वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी ती भीती आधीच केबिनमध्ये येऊन बसली होती.

तेव्हापासून ते सगळ्यांच्या आधी साइटवर यायचे. शिडी चढताना प्रत्येक टप्प्यावर लोखंडाला मिठी मारून उभं राहिलेलं कोणाला दिसू नये म्हणून. एकदा वर गेले की संध्याकाळपर्यंत उतरायचे नाहीत, कारण उतरायचं म्हणजे पुन्हा चढायचं. चहा, डबा सगळं दोरीच्या पिशवीतून वर. पाणी घोटभरच. आणि गंमत बघा, ऑफिसातल्या लोकांनी ही निष्ठा समजली! जेवायलाही खाली न उतरणारा माणूस म्हणून त्यांचा सर्वांसमोर सत्कार केला, टाळ्या वाजवल्या, भिंतीवरचं घड्याळ दिलं. वरचे घड्याळ हातात धरून चोरासारखे उभे होते. लोकांना वाटलं, किती विनयशील माणूस.

घरी तर निराळाच घोटाळा. पलंगावर झोपलं तरी खाली पडल्यासारखं वाटायचं, म्हणून वरचे जमिनीवर झोपू लागले आणि बायकोला म्हणाले, पाठ धरलीय. गॅलरीत जाईनात. तिसऱ्या मजल्यावरचं घर, वाळत घातलेले कपडे काढायला सांगितले की ऐकू न आल्यासारखं करायचे. बायको पंखा पुसायला स्टुलावर चढली तेव्हा एवढ्यांदा ओरडले की शेजारीण दारात आली. शेवटी एक दिवस बायकोने पोळपाट बाजूला ठेवून सरळच विचारलं.

“अहो, बाहेर काही आहे का?”

“बाहेर? काय असणार बाहेर?”

“तेच विचारतेय. वेगळे झोपता, धड बोलत नाही, जेवताना नजर वर करत नाही. मी काय दूधखुळी आहे?”

तेव्हा सांगायची संधी होती. मला भीती वाटते, एवढंच म्हणायचं होतं. पण वरच्यांना वाटलं, संशय घेतला तर घेऊ दे. ज्याचा संशय येतो तो नवरा निदान पुरुष तरी असतो, भित्रा नवरा कोण असतो? इतका अगोचर विचार त्यांनी खरोखर केला आणि मान खाली घालून जेवले. त्यांची शाळकरी मुलगी समोर बसली होती. आपले बाबा ढगात काम करतात, असं ती वर्गात सांगायची.

तर मामा वाचले त्या सकाळी वरचे पुष्कळ वेळ हाताकडे बघत बसले. खालून दोरी हलली, चहाची पिशवी आली. मामांनी नेहमीसारखी पाठवली होती. एक चकार शब्द नाही, शिवी नाही. शिवी दिली असती तर चहा घशाखाली उतरला असता.

दुपारी वायरलेसवर इंजिनियर साहेब आले. चांगला माणूस, वयाने लहान, पण कामगारांशी आब राखून बोलणारा.

“वरचे, एक आनंदाची बातमी! पुढच्या साइटचं ठरलं. तिथली क्रेन हिच्या दुप्पट उंच आहे. मुख्य ऑफिसने विचारलं, कोणाला पाठवायचं? मी एकच नाव सांगितलं.”

खाली कोणीतरी शिट्टी मारली. ज्याच्या ज्याच्या गळ्यात वायरलेस होता त्याने ते ऐकलं होतं. दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला लवकर येऊन बसला होता. चांगल्या भरघोस मिशा होत्या म्हणून त्याला सगळे मिशीवाला म्हणत. तो मध्येच ओरडला, “आता वरचे खरंच देवाच्या शेजारी बसणार!” सगळे हसले.

दुप्पट. वरच्यांनी समोरच्या काचेतून पाहिलं. आहे हीच उंची त्यांना संपत नव्हती.

“वरचे, ऐकताय ना?”

“हो साहेब.”

“मग काय म्हणता?”

“काम चालू आहे साहेब. नंतर बोलू.”

पुढची खेप पुन्हा मागच्या अंगाला होती, लोखंडी पत्र्यांची. हूक अडकवला, माल उचलला, क्रेनचा लांब हात फिरला, ओझं भिंतीआड गेलं. मामांचा आवाज आला, “हां, आलं बरोबर. मी इथंच उभा आहे. सोड.”

मी इथंच उभा आहे. वरच्यांनी डोळे उघडेच ठेवायचे असं ठरवलं होतं, आणि ते सताड उघडे होते, पण आता हात पुढे जाईना. त्यांनी हाताला दटावलं, विनवलं, मनातल्या मनात शिव्या घातल्या. हात दांड्यावर कोणाचातरी असावा तसा पडून होता. पुढच्या एका चुकीत मामा राहणार नाहीत, हे त्यांना स्वच्छ दिसलं. स्वतः पडायची भीती महिनोन्महिने गिळली होती. ही गिळता येईना.

“वरचे, सोड ना. झोप लागली काय?”

“मामा, तिथून लांब व्हा.”

“का रे?”

“व्हा म्हटलं ना लांब! सगळ्यांना घेऊन लांब व्हा. मी माल मागे घेतो.”

त्यांनी ओझं उचललं, फिरवलं आणि समोरच्या मोकळ्या जमिनीवर, जिथे त्यांना स्वतःला दिसत होतं तिथे, बोटबोट खाली घेत उतरवलं. इतकं हळू त्यांनी शिकाऊ असतानाही काही उतरवलं नव्हतं. हूक सुटला. मग त्यांनी इंजिन बंद केलं. वर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत वारा किती होता ते कळलं.

“मामा,” ते वायरलेसमध्ये म्हणाले, “मला खाली यायचंय.”

“मग ये की.”

“येता येत नाही.”

कोणी हसलं नाही. मामा म्हणाले, “पाय मुरगळला काय?”

“पाय धड आहेत. मला भीती वाटतेय. आणि सकाळी तुमच्या डोक्यावर भारा आणला ना मी, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.”

सगळ्या साइटने हे ऐकलं. मिक्सर चालवणाऱ्याने मिक्सर बंद केला. वरच्यांना वाटलं, आता मामा निघून जातील, आणि गेले तर त्यांचं काही चुकलं नाही.

“ते खाली आल्यावर बघू,” मामा म्हणाले. “मी शिडीपाशी आलोय. माझे गुडघे गेलेत, नाहीतर वर आलो असतो. वायरलेस गळ्यात अडकव. मी सांगेन तेवढंच करायचं. उत्तर द्यायचं नाही, हात सोडायचे नाहीत. कळलं?”

वरच्यांनी केबिनच्या तळाचं झाकण उघडलं. खालून वारा आला. पालथं होऊन त्यांनी एक पाय आत सोडला आणि तो अधांतरी चाचपडत राहिला.

“उजवा आहे तो. अजून खाली. अजून थोडा. हां, टेकला. आता डावा. सोड… हळू… हळू… टेकला. थांब. श्वास घे.”

वर्षानुवर्षं याच आवाजाने विटा उतरवल्या होत्या, सळ्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या उतरवल्या होत्या. आज तो वरच्यांना उतरवत होता. आवाजात लाडीगोडी नव्हती, की धीर देणंही नव्हतं. ओझं कुठे आहे आणि जमीन किती लांब आहे, एवढंच. वरच्यांना तेवढंच हवं होतं. कोणी ‘घाबरू नका’ म्हणालं असतं तर त्यांचे हात सुटले असते.

मध्यावर ते अडकले. वाऱ्याने शिडी गुणगुणायला लागली आणि वरच्यांनी लोखंडाला जी मिठी मारली ती सुटेना. दात वाजत होते. आपण इथेच राहणार, रात्र होणार, मुलीला कोणीतरी इथे आणून दाखवणार, असं काहीबाही मनात यायला लागलं. ते रडत होते आणि ते त्यांना कळतही होतं.

“थांबलास? थांब,” मामा म्हणाले. “घाई नाही. माल लटकलेला असला तरी आपण थांबतो ना, वारा पडेपर्यंत? तसं थांब. मी कुठं जात नाही.”

वारा पडला की नाही कोण जाणे. बऱ्याच वेळाने उजवा पाय आपणहून खाली गेला.

शेवटी जमिनीवर पाय टेकले. ते मातीत बसले. पुढे साऱ्या साइटचा घोळका. मामांनी त्यांचा दंड धरला आणि मग इतका वेळ साधा ठेवलेला त्यांचा आवाज फुटला.

“डोळे मिटून? माझ्या डोक्यावर? अरे, नातवंडं आहेत रे मला!” आणि त्यांनी वरच्यांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, पण दंड काही सोडला नाही.

इंजिनियर साहेब धावत आले. त्यांनी पाण्याची बाटली दिली, आजूबाजूला पाहिलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ऊन फार आहे. चक्कर आली ना तुम्हाला? चक्करच आहे ही. आठवडाभर घरी आराम करा. नवी साइट कुठे पळून जात नाही.”

तो माणूस मनापासून सांभाळून घेत होता. नुसतं ‘हो’ म्हटलं की झालं असतं. चक्कर कोणालाही येते. आठवडाभराने पुन्हा कोणी काही बोललं नसतं, आणि वरचे वरचेच राहिले असते. वरच्यांच्या ओठांवर ‘हो’ आलंही. शिडीवरच्यापेक्षा जास्त भीती त्यांना आता वाटत होती, एवढ्या ओळखीच्या तोंडांसमोर.

“चक्कर नाही साहेब,” ते म्हणाले. “भीती आहे. बरेच महिने झाले. जेवायला उतरायचो नाही तेही तिच्यामुळेच. मी यापुढे वर जाणार नाही. खाली काही काम असेल तर द्या, नसेल तर तसं सांगा.”

मागून मिशीवाला फिदकन हसला. “घ्या! वरच्यांनाच भीती!” आणखी एकदोघे हसले. मामांनी वळून पाहिलं तसे गप्प झाले, पण हसायचं ते हसून झालं होतं. वरच्यांनी बाटली तोंडाला लावली आणि कित्येक महिन्यांनी पोटभर पाणी प्यायले.

भर दुपारी दारात नवरा पाहून बायकोच्या हातातला ओला शर्ट तसाच राहिला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“कोण पडलं?” ती म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं दारावर अवेळी थाप पडली की ही हाच प्रश्न तयार ठेवून दार उघडत होती.

“कोणी नाही पडलं,” ते म्हणाले. “मी उतरलो. कायमचा.”

मग दारातच सगळं सांगितलं. पलंगाचं, गॅलरीचं, मिटलेल्या डोळ्यांचं, मामांचं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“आणि पाठ?”

“पाठ ठणठणीत आहे.”

“मी इतके दिवस त्या पाठीला तेल चोळतेय! आणि इथे माझ्या जिवाला घोर, म्हटलं दुसरी कोणी आहे!”

“अगं, वर कोण भेटणार होतं मला?”

ती हसली, आणि हसता हसता तिने तो ओला शर्ट त्यांच्या अंगावर फेकून मारला. मग पदर तोंडाला लावून पुष्कळ रडली. पगार कमी होईल, असं वरचे म्हणाले. ते आपण बघू, असं ती म्हणाली. मुलीचं मात्र तेवढं सोपं गेलं नाही. संध्याकाळी तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आता मी वर्गात काय सांगू?” वरच्यांनी तिच्या ताटात पोळी वाढली. ती जेवली नाही धड.

दुसऱ्या दिवशी त्यांना पिवळं हेल्मेट मिळालं. क्रेनवाल्याचं पांढरं असतं, पिवळं खालच्या कामगारांचं. काम काय, तर लटकत्या मालाला बांधलेला दोर धरून तो गरगर फिरू न देणं. मामांच्या हाताखाली. डोक्यावर ते पिवळं चढवताना वरच्यांना जे लागायचं ते लागलंच, खोटं कशाला सांगा. आणि आज त्यांना हाक कशी मारायची हे कोणाला कळेना. ‘वरचे’ म्हणायचं तर चिडवल्यासारखं होणार. लोक ‘अहो’ म्हणून वेळ भागवत होते.

सकाळच्या पाळीला मिशीवाल्याला चढायचं होतं. पांढरं हेल्मेट घालून तो शिडीपाशी आला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. बांधून झाली. त्याने वर पाहिलं आणि पुन्हा वाकला, ती सोडली आणि परत बांधायला घेतली. मामा तिकडे हूक तपासत होते. कोणाचं लक्ष नव्हतं. नाडी तिसऱ्यांदा सुटली तेव्हा पिवळ्या हेल्मेटचा माणूस दोर खाली ठेवून त्याच्याजवळ गेला आणि उकिडवा बसला.

मिशीवाल्याने मान वर केली नाही. त्याची बोटं गाठीत गुंतली होती.

“तिसऱ्या टप्प्यापर्यंत समोर बघत जा,” वरचे हळू आवाजात म्हणाले. “दम लागल्याचं सोंग करून कुठंही थांब, कोणी विचारत नाही. आणि नाहीच जमलं तर सोंग करू नकोस. तिथूनच हाक मार.”

मिशीवाल्याने नाडीचं एक टोक ओढलं. मग खालमानेनेच म्हणाला, “खाली ऐकू येईल?”

“मला येईल.”

त्याने गाठ ओढून घट्ट केली, उठला आणि चढायला लागला. वरचे शिडीच्या तळाशी मान वर करून उभे राहिले. मामांनी दोनदा हाक मारली, “अहो, दोर धरा!” पण केबिनचं झाकण लागलेला आवाज येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.